विहिरीमागची खोली

“पाचव्या पायरीवर थांबू नका ताई. तेल लवकर संपतं तिथं.”

आवाज मागून आला आणि दचकून माझा अंगठा बटणावरून सुटला. पडद्यावरचा कंदीलवाला नेमका पाचव्या पायरीवर थांबला. ज्योत दोनदा फडफडली, अंधार झाला आणि मेल्यावर वाजते ती रडकी धून सुरू झाली.

मी वळून पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतली एक बाई उभी होती. हातात ड्रेसिंगचा ट्रे, अंगाला स्पिरिटचा वास.

“तुम्हाला काय माहीत?” धनानं विचारलं.

“मेलेय की ओ मी तिथं,” ती म्हणाली. “एकदा नव्हे, शंभरदा.”

इरफान हसला. तो पटकन हसणारा माणूस नव्हे. मी ते तेव्हाच मनात टिपून ठेवलं.

ही गोष्ट दोन हजार चार सालची, मिरजेतली. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत इरफानचं घर होतं. खाली दुकान, वर माळा. माळ्याच्या तुळयांना सतारीसाठी आणलेले भोपळे वाळत टांगलेले असत, आणि त्या भोपळ्यांखाली एक जुना टीव्ही आणि व्हिडिओ गेमचा काळा डबा. दर रविवारी तीन ते सहा आम्ही तिघं तिथं जमायचो. इरफान घरच्याच धंद्यात होता. धना, म्हणजे धनंजय कुलगुडे, एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन. आणि मी, वैजयंती शेवडे, कॉलेजच्या परीक्षा विभागात. तिघंही तिशीला टेकलेले, आणि शाळेत असताना ज्या गेमनं झपाटलं त्यातून अजून न सुटलेले.

त्या गेमचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं. कॅसेटवर जपानी अक्षरं होती आणि तीही अर्धी सोललेली. एक टोपीवाला माणूस कंदील घेऊन सात किल्ले ओलांडतो, म्हणून आमच्याकडे सगळे त्याला ‘कंदीलवाला’ म्हणत. खेळ मध्येच सोडला तर पडद्यावर परवलीची चित्रं यायची, चंद्र, मासा, घडा, पुन्हा मासा अशी बारा. ती उतरवून घेतली तर पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करता यायची. मासा डावीकडे तोंड करून आहे की उजवीकडे, हेही पाहावं लागे. एकदा धनानं मासा उलटा काढला आणि तीन रविवारची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून वही माझ्याकडे आली.

वही म्हणजे नुसती चित्रं नव्हेत. कोणत्या किल्ल्यात किती पायऱ्या, कोणता बेडूक खरा आणि कोणता फसवा, कोणत्या भिंतीवर तीनदा काठी मारली की तेल मिळतं, हे सगळं मी त्यात लिहीत असे. पण ऐकीव काही नाही. तिघांच्या डोळ्यांदेखत घडलं तर ‘मान्य’. नाहीतर ‘अमान्य’. कुणी काही सांगितलं की इरफान माझ्याकडे वळून विचारायचा, “वैजू, वहीत काय आहे?” मग मी पानं उलटायची, आणि तोपर्यंत दोन पुरुष गप्प बसायचे.

गल्लीतल्या दोन-चार बायकांनी माझ्या रविवारांचा वेगळा अर्थ काढला होता. तो चूक होता. तसलं काही असतं तर बरं झालं असतं, निदान पुढं जे झालं त्याला नाव देता आलं असतं. मला इरफान नको होता. मला त्याचा तो प्रश्न हवा होता.

ती नर्स म्हणजे अर्चना होसमनी. मूळची कर्नाटकातल्या अथणीची, मिरजेत दवाखान्यात नोकरी, राहायला होस्टेलवर. इरफानच्या अब्बांच्या पायाला जखम झाली होती. तिचं ड्रेसिंग करायला ती दर रविवारी दुपारी येऊ लागली होती. खाली पट्टी बांधताना वरून कंदीलवाल्याची धून ऐकू आली आणि ती ट्रे घेऊनच जिना चढली.

“बसा की सिस्टर,” इरफान म्हणाला.

“ड्यूटी हाय चारला,” ती म्हणाली आणि बसली. मीच आत्ता उठले होते त्या सतरंजीच्या कोपऱ्यावर.

धनानं तिची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. “दुसऱ्या किल्ल्यात बेडूक किती?”

“सात. पण एक दगड हाय, बेडकासारखा दिसतो.”

“तिसऱ्या किल्ल्याची किल्ली?”

“कोंबडीच्या पोटात. कोंबडीला मारायचं नाही, नुसतं तिच्या मागं चालायचं. कंटाळून टाकते ती.”

“डबा तापला की काय करायचं?”

“आडाप्टर ओल्या फडक्यावर ठेवायचा. आमची आई तर ताकाच्या भांड्याशेजारी ठेवायची.”

धना माझ्याकडे बघून म्हणाला, “परीक्षा विभाग, काय म्हणता? पहिला वर्ग?”

मला माणसांना मार्क द्यायची खोड आहे, हे त्याला माहीत होतं. धनाला मी नेहमी काठावर पास करत आले. इरफानला पंच्याहत्तर, अक्षर चांगलं, पण उत्तरं लांबवतो. अर्चनाला मी त्या दिवशी साठ दिले. खरे ब्याऐंशी होत होते.

उठता उठता ती म्हणाली, “विहिरीमागच्या खोलीत गेला असाल की तुम्ही? चौथ्या किल्ल्यात?”

“कसली खोली?” इरफान.

“म्हातारीची. विहिरीच्या उजव्या अंगाला भिंत हाय बघा, तिच्यातनं आत जाता येतं. आत म्हातारी बसलीय जात्यापाशी, डोक्यावर पदर घेऊन. आपण गेलो की दळायची थांबते आणि वळून बघते. त्यानंतर कंदिलातलं तेल संपतच नाही.”

इरफान आणि धना दोघंही तिच्याकडे वळले. कारण आम्ही सहाव्या किल्ल्यात दीड वर्ष अडकलो होतो, आणि अडकलो होतो ते तेलापायीच. कितीही जपून गेलं तरी शेवटच्या दालनाच्या दारात ज्योत विझायची. तेल न संपणं म्हणजे आम्हाला सातवा किल्ला दिसणं.

“वहीत नाही,” मी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

“वहीत नसंल ताई,” अर्चना शांतपणे म्हणाली. “हाय पण.”

दोघं हसले. माझ्यावर नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचे तीन रविवार आम्ही त्या भिंतीवर कंदीलवाल्याचं डोकं आपटलं. उडी मारून, बसून, काठी मारून, उलटं चालून. भिंत ती भिंतच. अर्चना ड्यूटीच्या आधीचा तासभर वर येऊन बसायची. प्रत्येक वेळी ती पुढं सरकून बघायची आणि म्हणायची, “इथंच ओ. इथंच होती.” मी वहीत लिहिलं: ‘विहिरीमागची खोली. अमान्य.’ आणि खाली रेघ मारली.

पण इरफानला ती खोली चिकटली होती. सतारीचा दांडा तासताना तो म्हणायचा, “सिस्टर, ती म्हातारी वळते ती कुठल्या बाजूनं?” “भिंतीवर काही होतं का?” “जात्याचा आवाज येत होता?” तिला इतके प्रश्न विचारले जात होते आणि मी वही मांडीवर घेऊन बसले होते. दोन रविवार गेले, तीन गेले, मला कुणी काही विचारलं नाही. एकदा तर पहिल्या किल्ल्याच्या पायऱ्या किती, एवढी साधी गोष्ट धनानं अर्चनाला विचारली. वही तिथं उघडी असताना. तिनं बेचाळीस सांगितल्या. मी पान काढून पाहिलं, बेचाळीसच होत्या. चुकली असती तर मला केवढं बरं वाटलं असतं.

“घरी कुणी पाहिली होती का ती खोली?” मी एकदा तिला विचारलं. आवाज गोड ठेवून.

“मी एकटीनंच. काकाची पोरं यायची बघायला, तेव्हा नेमकी यायची नाही खोली. थापाडी म्हणायची मला. अजून म्हणतात. परवा चुलतभावाच्या लग्नात एकानं माइकवर सांगितलं, आता आमची थापाडी अक्का दोन शब्द बोलेल.” ती हसली. “मी बोलले पण.”

“मग तुमची कॅसेट आणा की,” इरफान म्हणाला. “आमच्यात नाही म्हणजे तुमच्यात नाही असं थोडंच आहे?”

ती पुढच्या सुट्टीत अथणीला गेली आणि कॅसेट घेऊन आली. पिवळी, एका जुन्या झबल्यात गुंडाळलेली. ती पदरात धरल्यासारखी धरून जिना चढली. लावली तर पडदाभर मुंग्या. फुंकर मारली, पुन्हा लावली, चित्र आलं पण कडेचे दगड फुलांसारखे दिसत होते. दोन मिनिटांनी सगळं गोठलं.

“घरी काय करत होता?” धनानं विचारलं.

“उजवीकडनं काडेपेटीचं टरफल घालायचे मी खाली. जरा तिरकी बसली की चालायची.”

टरफल घातलं. पहिला किल्ला झाला, गोठलं. माझ्या वहीतली परवली घालून थेट चौथ्या किल्ल्यात गेलो, विहीर दिसायच्या आधी गोठलं. साडेपाचपर्यंत हाच खेळ. त्या दिवशी तिनं मुद्दाम रजा घेतली होती. इरफाननं कॅसेट काढून खालच्या पट्टीकडे पाहिलं. त्या पट्टीवर पितळेच्या रंगाचे दात असतात, ते डब्यातल्या दातांना टेकले तर खेळ चालतो. ते पार काळवंडले होते.

“मळलीय,” तो म्हणाला. “वैजूला द्या. आमच्या सगळ्या कॅसेटी तीच साफ करते. तिच्यासारखा हात नाही कुणाचा.”

हे खरं होतं. मी पांढऱ्या खोडरबरानं एकेक दात पुसत असे, मग स्पिरिटचा बोळा. एकही कॅसेट मी बिघडवली नव्हती.

“ताई, कराल?” अर्चनानं विचारलं. तिनं पिशवीतून एक छोटी बाटली काढली. “स्पिरिट हाय. आणि हा कापूस. चांगला हाय, धागा सुटत नाही.”

मी कॅसेट घेतली, बाटली घेतली, कापूस घेतला.

पुढच्या रविवारी सगळे वेळेच्या आधी आले. धनानं बटाटेवडे आणले. इरफाननं अब्बांना खुर्चीत बसवून जिन्याशी आणून ठेवलं होतं, निदान आवाज तरी ऐकू यावा म्हणून. मी कॅसेट काढली. दात असे चकाकत होते की धना म्हणाला, “वैजूताई, ह्याचं मंगळसूत्र होईल.”

लावली. फुंकर नाही, टरफल नाही, एका झटक्यात चित्र आलं. कडेचे दगड दगडासारखे दिसत होते. धून स्वच्छ. अर्चनानं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

“तुम्हीच खेळा,” इरफाननं बटणांची पट्टी तिच्याकडे दिली. मी परवली वाचून दाखवली. चंद्र, मासा डावीकडे, घडा. ती एकेक चित्र लावत गेली. चौथा किल्ला आला. ती मस्त खेळायची, हे मला आजही कबूल आहे. बेडकांवरून ती अशी गेली जणू स्वतःच्या अंगणातून चाललीय. विहीर आली. ती उजवीकडे वळली आणि भिंतीकडे चालत गेली.

कंदीलवाला भिंतीला टेकून जागच्या जागी पाय हलवत राहिला.

“जरा खालनं,” ती म्हणाली. खालून गेली. भिंत. वरून गेली. भिंत. मागं जाऊन पुन्हा आली. मी मोजत होते, ती माझी सवय आहे. अकरा वेळा गेली ती. सातव्या वेळेनंतर धनानं वडा खाली ठेवला. नवव्या वेळी ती काही पुटपुटली, कानडीत. अकराव्या वेळी तिनं बटणांची पट्टी सतरंजीवर ठेवली, अगदी सावकाश, फुटेल म्हणून ठेवतात तशी.

“लहान होते ओ मी,” ती म्हणाली. “आठ-नऊ वर्षांची. मला वाटलं असंल.”

“नाही नाही, सिस्टर,” इरफान म्हणाला. “थांबा जरा.” त्यानं कॅसेट काढली, दात उजेडात धरले, त्यांवरून नख फिरवलं. मग टरफल घालून तिरकी लावून पाहिली. सरळ लावली तरी तेच, तिरकी लावली तरी तेच. चित्र एकदम साफ.

“काय झालं?” धनानं विचारलं.

“जवारी गेली,” इरफान म्हणाला. धनाला कळलं नाही, म्हणून त्यानं शेजारची सतार उचलली. “ही हाडाची घोडी. तार हिच्यावर पुरती टेकली तर आवाज मुका येतो, आणि टेकलीच नाही तरी येतो. कुठं टेकते, कुठं टेकत नाही, त्यातून तो झणत्कार निघतो. तेवढ्यासाठी आम्ही दिवस दिवस घासत बसतो. एक हात जास्त फिरला की संपलं.” त्यानं कॅसेट पुन्हा उजेडात धरली. “एखादा दात टेकत नसणार. त्यामुळे आतलं काहीतरी वेगळंच वाचलं जात असणार, आणि भिंतीच्या जागी ती खोली येत असणार. सिस्टरांच्याच कॅसेटमध्ये. दुसऱ्या कुणाच्याच नाही.”

“असेल,” धना म्हणाला. “किंवा नसेल. आता कसं सांगणार?”

इरफान माझ्याकडे वळला. कित्येक आठवड्यांनी तो माझ्याकडे वळून काही विचारत होता.

“वैजू, साफ करायच्या आधी एकदा लावून बघितली होतीस?”

“नाही,” मी म्हणाले.

“चौथ्या किल्ल्यापर्यंत?”

“अरे, लावलीच नाही. तशीच पुसली.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली. वहीवर विश्वास ठेवायची त्याला इतक्या वर्षांची सवय होती, आणि वही म्हणजे मी.

अर्चना उठली. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. “ताई, वहीत लिवा,” ती म्हणाली. “नाही म्हणून.”

“आहे लिहिलेलं,” मी म्हणाले.

“कॅसेट राहू दे इथंच. चांगली चालतीय आता.”

त्यानंतरही ती अब्बांच्या पट्टीला दोन रविवार आली. खालूनच गेली. जखम भरली आणि यायचं कारण संपलं.

मला माझी जागा परत मिळाली. “वैजू, वहीत काय आहे?” इरफान विचारायचा आणि मी पानं उलटायची. पण आता मी सांगितलं की तो “बरं” म्हणायचा आणि क्षणभर गप्प राहायचा, जणू आणखी कुणी बोलेल म्हणून. सातवा किल्ला आम्ही पाहिलाच नाही. वर्षभरात धनाची बदली झाली, इरफानचं लग्न झालं, माळ्यावर पाळणा आला. कुणी भांडलं नाही. रविवार नुसते दुसऱ्या कामांना लागले.

आता अर्चनाची कॅसेट साफ करायला माझ्याकडे होती, त्या आठवड्यातल्या बुधवारचं सांगते.

बुधवारी कॉलेजला सुट्टी होती. आई भजनाला गेली होती. दुपारी दोनला मी खोडरबर, स्पिरिटची बाटली, कापूस असं सगळं टेबलावर मांडलं. आणि मांडून झाल्यावर माझ्या घरच्या डब्यात ती कॅसेट लावली. मळकी होती तशीच, उजवीकडून काडेपेटीचं टरफल घालून. नऊ वेळा गोठली. दहाव्या वेळी चौथा किल्ला आला, विहीर आली, आणि उजवीकडची भिंत जुन्या धोतरासारखी विरलेली दिसली. कंदीलवाला तिच्यातून सरळ आत गेला.

म्हातारी होती. जात्यापाशी, डोक्यावर पदर. दळत होती. दळायची थांबली. तिनं मान वळवायला सुरुवात केली आणि मी डब्याची पिन खेचली.

का खेचली म्हणाल तर घाबरून नव्हे. ती माझ्याकडे बघणार आणि मग मला ते कुणाला तरी सांगावं लागणार, एवढंच त्या वेळी वाटलं. ‘अमान्य’वर काट मारून ‘मान्य’ लिहायचं, आणि ते लिहिताना माझ्याशेजारी अर्चना बसलेली असणार, आणि इरफान तिच्याकडे बघून हसणार. मग मी खोडरबर घेतला. एरवी एका कॅसेटला मी दहा मिनिटं देते. त्या दिवशी आई येईपर्यंत पुसत होते. एकेक दात, मागून-पुढून. तिनं दिलेला कापूस खरंच चांगला होता, धागा सुटला नाही.

दोन हजार एकोणीसमध्ये आई न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर तिला वॉर्डात आणलं तेव्हा इनचार्ज सिस्टर म्हणून जी समोर आली ती अर्चना. चष्मा लागला होता, अंग भरलं होतं. माझ्याआधी तिनंच ओळखलं.

“वैजूताई की ओ,” ती म्हणाली आणि शेजारच्या शिकाऊ मुलीकडे वळली. “ह्या कोण माहितीय? आमच्या गेमच्या मास्तरीणबाई. माझी सगळ्यांत मोठी थाप ह्यांनी पकडलेली. मी सांगत फिरायचे सगळ्यांना, भिंतीमागं खोली हाय, म्हातारी हाय. ह्यांनी एका रविवारात निकाल लावला.”

ती मुलगी हसली. अर्चनाही हसली. ती गोष्ट तिनं बरीच वर्षं अशीच सांगितली असावी, हशा कुठं येतो ते तिला ठाऊक होतं.

दोन दिवस मी कॉटशेजारच्या स्टुलावर बसून तिला वॉर्डात फिरताना पाहत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सलाईन बघायला आली तेव्हा मुलगी बरोबर नव्हती.

“अर्चना,” मी म्हणाले. “ती खोली होती. मी बघितली होती. साफ करायच्या आधी.”

तिचा हात नळीवर होता. तो तिथंच राहिला.

“असू दे ओ ताई.”

“खरं सांगते. बुधवारी दुपारी. म्हातारी होती, जात्यापाशी.”

“ते मीच सांगितलेलं की तुम्हाला.”

“डोक्यावर पदर होता.”

“तेपण मीच.”

“भिंत विरल्यासारखी दिसते. आपण आत गेलो की ती दळायची थांबते, आणि वळते.”

अर्चनानं नळी सोडली. चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. वॉर्डात कुणीतरी खोकत होतं. एरवी तिनं लगेच मान वळवली असती, पण वळवली नाही.

“वळल्यावर काय करते ती?” तिनं हळू विचारलं. “ते मी कुणालाच सांगितलं नाही. इरफानभाऊंनापण नाही. काय करते सांगा.”

ती उत्तराची वाट पाहत होती. खरोखर वाट पाहत होती. चाळिशीतली बाई, पण तोंड आठ वर्षांच्या मुलीसारखं झालेलं. मी काहीही सांगू शकले असते. हसते, हात करते, उठून उभी राहते. त्यातलं एखादं बरोबरही आलं असतं. पण नसतं आलं तर? मी पिन खेचली होती. पुढचं मला माहीत नव्हतं.

“मी तेवढ्यात बंद केलं,” मी म्हणाले.

तिचं तोंड पुन्हा सिस्टरचं झालं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, नातेवाइकांच्या खांद्यावर ठेवतात तसा.

“आई आजारी असली की माणसाला सगळ्यांची माफी मागावीशी वाटते,” ती म्हणाली. “रोज बघते मी. बरं वाटावं म्हणून बोललात, पोचलं मला. नका एवढं मनाला लावून घेऊ.”

“अर्चना, खरंच होती.”

“होय ओ. होती.” तिनं चादर सारखी केली. “आईंना आता पाणी द्या. चमच्यानं. एकदम नको.”

ती पुढच्या कॉटकडे गेली. मी चमचा घेतला. आईनं डोळे किलकिले केले.

“काय म्हणत होती ग ती?”

“काही नाही,” मी म्हणाले. “पाणी चमच्यानं द्या म्हणाली.”